तीन समीकरणे, चार अज्ञात

समीकरणे कमी आणि अज्ञात राशी जास्त असल्या तर एकच निश्चित उत्तर मिळत नाही, हे तुम्ही बीजगणितात शिकता. मीही वर्गात एवढेच सांगून फळा पुसत आलो. गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी नागपूरला घरी आला. तो मुंबईत चित्रपटांची दृश्ये जुळवण्याचे काम करतो. "सर, तुम्ही सोडून दिलेल्या त्या उदाहरणावरच माझे पोट चालते," असे म्हणून त्याने आपला संगणक उघडला.

एका चित्रात हिरव्या कापडासमोर एक मुलगी उभी होती. वाऱ्याने तिचे केस उडत होते. दुसऱ्या चित्रात अंबाझरी तलावाचा काठ होता. मुलीला त्या काठावर उभे करायचे होते. अनेक चित्रांचे असे एक चित्र करण्याला कंपोझिटिंग म्हणतात.

ही कला आपल्याकडे जुनी आहे. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढणारे दादासाहेब फाळके पूर्वी आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग करीत. पुढे 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) यांत त्यांनी कॅमेऱ्याची जादू दाखवली. त्या काळी एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करीत. फिल्मवर पडलेल्या प्रकाशाची केवळ बेरीज होते. म्हणून दुसरे चित्र जिथे हवे तो भाग पहिल्या वेळी काळा ठेवावा लागे. चूक झाली तर सारे चित्रण पुन्हा करावे लागे.

आता ही बेरीज संगणक करतो. माझा विद्यार्थी 'न्यूक' नावाची प्रणाली वापरतो. अमेरिकेतील डिजिटल डोमेन या संस्थेत १९९३ पासून ती घडत गेली. तिच्यात प्रत्येक क्रियेसाठी एक चौकट असते, तिला नोड म्हणतात. नोड रेषांनी जोडले की विद्युत मंडलाच्या आकृतीसारखे जाळे तयार होते. त्या जाळ्याविषयी बोलताना हा एरवी अबोल मुलगा थांबेचना! "सर, इथे काही लपत नाही. चित्र बिघडले, तर कोणत्या नोडमध्ये बिघडले त्यावर बोट ठेवता येते. मूळ चित्राला धक्का न लावता ती पायरी बदलता येते."

आता त्याचे उदाहरण पाहू. संगणकावरील चित्र बारीक चौकोनांचे, म्हणजे पिक्सेलचे, बनलेले असते. समजा, केसाने एका पिक्सेलचा ०.४ भाग झाकला आहे. केसाची तेजस्विता १० आणि मागच्या पाण्याची ९० आहे. मग त्या पिक्सेलची तेजस्विता अशी येईल:

०.४ × १० + ०.६ × ९० = ४ + ५४ = ५८

या ०.४ ला 'अल्फा' म्हणतात. या हिशेबाचे नियम थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली पद्धतशीर मांडले. अल्फा न वापरता पिक्सेलला सरळ १० किंवा ९० दिले, तर केसांची कड करवतीच्या दात्यांसारखी दिसते.

अल्फा ठाऊक असेल तर हे गणित पाचवीतला मुलगाही करील. पण तो आणायचा कोठून? कॅमेऱ्याने टिपलेल्या पिक्सेलमध्ये केस आणि हिरवे कापड आधीच मिसळलेले असतात. तांबडा, हिरवा व निळा या तीन रंगांची तीन समीकरणे मिळतात. कापडाचा रंग माहीत आहे. अज्ञात मात्र चार: केसाचे तीन रंग आणि अल्फा.

तीच मुलगी तशीच्या तशी दुसऱ्या रंगाच्या कापडासमोर टिपली, तर समीकरणे सहा होतील आणि उत्तर मिळेल. हे ॲल्व्ही रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन यांनी १९९६ साली दाखवून दिले. पण उडणारे केस दोनदा सारखेच कसे उडणार?

मग तो काय करतो? तो एक गृहीत धरतो. केस काळे किंवा करडे मानले, तर त्यांचे तीनही रंग समान होतात. अज्ञात दोनच उरतात आणि गणित सुटते. पण उन्हात केसांची कड तांबूस दिसते; तिथे हे गृहीत चुकते. तिथे दुसरे गृहीत, गालाजवळ तिसरे. प्रत्येकासाठी वेगळा नोड, आणि प्रत्येकाची डोळ्यांनी परीक्षा. एवढे करूनही काम संपत नाही. नागपुरात मे महिन्याच्या अखेरीस भर दुपारी सावली जवळजवळ पायाखाली येते. तलावाचे चित्र तेव्हाचे असेल आणि मुलीची सावली लांब पडली असेल, तर केस कितीही चांगले जुळवले तरी चित्र खोटेच वाटणार.

मी फळा पुसून टाकीत होतो, ती या मुलाच्या दृष्टीने कामाची सुरुवात होती. उत्तर निश्चित नसेल तर योग्य गृहीत धरा, ते कोठे मोडते ते तपासा आणि सुधारा. भौतिकशास्त्रातही आपण हेच करीत असतो. यंदा मी ते उदाहरण वर्गात पुरे सोडवले.

करून पाहा: संध्याकाळी खोलीत दिवा लावून बंद खिडकीच्या काचेत पाहा. पांढऱ्या सदऱ्याच्या प्रतिबिंबातून बाहेरचे झाड अधिक स्पष्ट दिसते, की काळ्या केसांच्या? काच अल्फाचे गणित करते, की फाळक्यांच्या फिल्मसारखी नुसती बेरीज? कारणासह उत्तर वहीत लिहा.