जागल्याच्या हाती दिलेली यादी

अहिल्यानगर

चि. बाळ यास,


तिसगावातल्या पतसंस्थेच्या नेटवर्कचं काम तुझ्याकडे आल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. पहिलंच स्वतंत्र काम, आणि तेही लोकांच्या ठेवी आहेत अशा ठिकाणचं. फार बरं वाटलं. तू पाठवलेली ॲक्सेस लिस्ट, म्हणजे कुणाला कुठे जाऊ द्यायचं याची यादी, रात्री दोनदा वाचली. ती आहे तशी स्विचवर चढवू नकोस.

पहिल्याच ओळीत तू पाहुण्यांच्या वायफायला सगळीकडे जायची परवानगी दिलीस आणि काउंटरच्या संगणकांकडे जायची मनाई तिसऱ्या ओळीत लिहिलीस. स्विच यादी वरून खाली वाचतो आणि जी ओळ आधी जुळेल तिथेच थांबतो. पहिली ओळ जुळली की तुझ्या तिसऱ्या ओळीपर्यंत तो पोचणारच नाही. वेशीवरच्या जागल्याला ‘येईल त्याला सोड’ असं आधी सांगितल्यावर तो पुढे कुणाला अडवणार? नेमकी मनाई वर घे, मोकळी परवानगी खाली. आणि यादीच्या तळाशी न लिहिलेली एक ओळ असतेच: बाकी सगळं बंद.

त्या ओळीनं मला एकदा रात्रभर जागवलं आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी इथे बसून लांबच्या एका कार्यालयाच्या स्विचवर यादी लावली आणि माझ्याच संगणकाचा पत्ता परवानगीत घालायचा राहिला. एंटर दाबलं आणि स्विचशी संपर्क तुटला. मोटारसायकलवर करंजी घाट ओलांडून गेलो, कन्सोल केबल जोडली, यादी काढली, तोवर उजाडलं होतं आणि दाराशी माणसं उभी होती. तेव्हापासून कुठलाही बदल करण्याआधी मी ‘रिलोड इन 10’ देतो. आपण बाहेर अडकलो, तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप पुन्हा चालू होतो आणि जतन केलेली जुनी मांडणी परत येते. सगळं ठीक दिसलं, तर ‘रिलोड कॅन्सल’ द्यायचं आणि मगच नवी मांडणी जतन करायची. तुझा स्विच सिस्कोचा आहे, त्यामुळे ही सोय तुला आहे.

कॅमेरे तू काउंटरच्याच व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच आभासी जाळ्यात, ठेवलेत. ते आधी बाहेर काढ. एकाच व्हीलॅनमधली आपसांतली ये-जा व्हीलॅनच्या इंटरफेसवर लावलेल्या यादीसमोर येतच नाही. तिथे कितीही मनाया लिहिल्या तरी व्यर्थ. 2016 साली ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रामनं जगभरचे असेच कॅमेरे आणि राउटर, कंपनीनं घालून दिलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणून, ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरात मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. भिंतीवरचा कॅमेरा हाही एक संगणकच आहे. त्याला रोखपालाच्या टेबलापर्यंत वाट कशाला हवी?

वेगळे केलेस की एक अडचण येईल, ती आत्ताच सांगतो. कॅमेऱ्यांकडून काउंटरकडे पूर्ण मनाई केलीस, तर व्यवस्थापकांना त्यांच्या टेबलावर रेकॉर्डिंग दिसणार नाही. त्यांनी मागितलेलं चित्र कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरकडून निघेल आणि तुझ्याच यादीत अडेल. अशा यादीला स्मरण नसतं. हे उत्तर आहे की नवी चढाई, हे तिला कळत नाही. म्हणून मनाईच्या वर ‘एस्टॅब्लिश्ड’ शब्द लावून टीसीपीच्या उत्तरांना वाट दे. हे फक्त टीसीपीला चालतं, यूडीपीला नाही.

पाहुण्यांच्या यादीत दोन गोष्टी राहिल्यात. नव्या फोनला पत्ता मिळायचा असतो तेव्हा त्याच्या विनंतीवर 0.0.0.0 असतं, तुझ्या यादीतलं 192.168.40 नसतं. त्यामुळे पोर्ट 68 वरून 67 कडे जाणाऱ्या यूडीपीला, निघणारा पत्ता न बघता, सर्वांत वर परवानगी हवी. नाहीतर लोक वायफाय बंद आहे म्हणून तुझ्याकडे येतील. दुसरं, मास्क. यादीत तो उलटा लिहायचा असतो: 0.0.0.255. तू 255.255.255.0 लिहिलंस. त्यात शेवटचा आकडा शून्य असलेले पत्ते तेवढे बसतात, म्हणजे कुणाचाच फोन बसत नाही.

प्रत्येक नियमाच्या वर ‘रिमार्क’ टाकून तो कुणासाठी नि कशासाठी आहे ते लिही. दोन वर्षांनी तिथे दुसरा मुलगा येईल, त्याला कारण कळलं पाहिजे. काम संध्याकाळी, व्यवहार बंद झाल्यावर कर. मढीच्या यात्रेच्या गर्दीत तर मुळीच नको. लावल्यावर एका फोनवरून काउंटरकडे जाऊन बघ आणि ‘शो ॲक्सेस-लिस्ट्स’मध्ये त्या ओळीपुढचा आकडा वाढतो का ते पाहा. काही स्विचवर हार्डवेअरनंच अडवलेली पाकिटं तिथे मोजली जात नाहीत, म्हणून प्रत्यक्ष अडतंय ना, हे आधी बघायचं.

आता कीबोर्ड बाजूला ठेव. वहीत चार रकाने पाड: कोण, कुठे, कशासाठी, हो की नाही. काउंटरच्या ताईंना, व्यवस्थापकांना, शिपायांनाही विचारून ते भर. त्या पानाचा फोटो मला शनिवारच्या आत पाठव, मी वाचेपर्यंत स्विचला हात लावू नकोस.

तुझा,
मामा