प्रथम वर्षाचा वर्ग आणि नवा प्राध्यापक

प्राथमिक शाळेतील शिक्षकासाठी अध्यापन पदविका आणि माध्यमिक शिक्षकासाठी बी. एड. आवश्यक मानण्यात येते. महाविद्यालयीन अध्यापकासाठी मात्र पदव्युत्तर पदवीसोबत नेट, सेट किंवा पीएच. डी. ही पात्रता पाहिली जाते. नेटच्या लेखी परीक्षेत अध्यापनक्षमतेवर प्रश्न असतात. परंतु प्रत्यक्ष वर्गासमोर शिकविण्याची कसोटी तीत होत नाही.

प्रशिक्षणाची सोय

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ही उणीव भरून काढण्यासाठी ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजांची योजना हाती घेतली. २०१९ मध्ये नवनियुक्त अध्यापकांसाठी ‘गुरुदक्षता’ हा एक महिन्याचा कार्यक्रम आखण्यात आला. तथापि हे प्रशिक्षण नियुक्तीनंतरचे असते आणि वर्ग तर रुजू होताच समोर येतो. तासिका तत्त्वावरील अध्यापकाचा प्रश्न याहूनही बिकट आहे.

लातूर–बार्शी मार्गावरील मुरुडसारख्या गावात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. परिसरातील खेड्यांतून येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे तेच पहिले असतात. पहिल्या काही आठवड्यांत विषय समजला नाही, तर शिक्षणच सुटण्याचा धोका असतो.

सूक्ष्म अध्यापन

१९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात उदयास आलेली सूक्ष्म अध्यापनाची पद्धती येथे उपयोगी आहे. भारतीय पद्धतीत सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे चर्चा, बारा मिनिटे फेरनियोजन, सहा मिनिटे पुन्हा पाठ व सहा मिनिटे पुन्हा चर्चा, असे हे ३६ मिनिटांचे चक्र असते. एका वेळी एकच कौशल्य घ्यावयाचे; उदाहरणार्थ, दाखला देणे. ‘मागणीची लवचिकता’ व्याख्येने सुरू न करता बाजारापासून सुरू करावी. तुरीची डाळ महागली की घरात ती कमी आणली जाते; मीठ महागले तरी त्याची खरेदी फारशी घटत नाही. एवढे उमगल्यावर व्याख्या आपोआप पचनी पडते.

या उपक्रमास वेगळा निधी लागत नाही. गावातील माध्यमिक शाळेचे अनुभवी शिक्षक या विद्येत मुरलेले असतात. सत्रारंभी आठवडाभर त्यांना निरीक्षक म्हणून पाचारण करण्यात प्राचार्यांनी संकोच मानू नये. विद्वत्तेला अध्यापनकौशल्याची जोड मिळाली, तरच प्रथम वर्षाच्या प्रवेशाचे पदवीत रूपांतर होईल.