तारखेच्या आत पोचलेले पैसे

कोल्हापूरच्या शाहूवाडी तालुक्यातल्या हायस्कुलात माझी सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांचा हिशेब माझ्याकडं आला. एमबीबीएसला नंबर लागलेला, पण घरची परिस्थिती बेताची, अशा मुलामुलींसाठी हा पैसा. देणाऱ्यांत कोल्हापूर-सांगलीत दवाखाने थाटलेले आमचे विद्यार्थी आहेत, मुंबईला स्थायिक झालेले गावकरी आहेत, परदेशी गेलेलेही काही आहेत. या व्यवहारात जे शिकायला मिळालं, ते असं :

१. रकमेपेक्षा तारीख मोठी

प्रवेशाच्या याद्या लागतात पावसाळ्यात. आमच्या डोंगरी भागात तेव्हा भाताची लावण चाललेली असते. उसाचं बिल अजून लांब असतं. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, ते पेंडीत आणि किराण्यात संपतं. यादीत नाव आलं की मूळ कागद आणि फी घेऊन मोजक्या दिवसांत कॉलेजवर हजर व्हायचं असतं. एका बापानं गोठ्याच्या दारात उभं राहून मला सांगितलं होतं, "सर, पैसं कुठनंबी उभं करतो, पर तारीख हलंना झालीया." प्रवेश हुकला की वर्ष गेलं, म्हणून असा माणूस मग सावकाराकडं जातो किंवा दुभती म्हैस विकतो. आम्ही देणग्या मे महिन्यातच गोळा करतो आणि वाटायची रक्कम बचत खात्यात मोकळी ठेवतो. सप्टेंबरात आलेल्या मोठ्या चेकपेक्षा जुलैत हातात असलेले थोडे पैसे जास्त कामाला येतात.

२. शासनाचं आधी, देणगीदाराचं नंतर

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना खुल्या गटातल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलांच्या शिक्षण शुल्काचा निम्मा भार उचलते. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं. हे सगळं शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचं आणि दर वर्षी नव्यानं भरायचं. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी, आधारला जोडलेलं बँक खातं, यांतला एक कागद अडला की अर्ज अडतो. आमचा एक माजी विद्यार्थी रुपयाही देत नाही, पण रात्री मुलांना शेजारी बसवून हे फॉर्म भरून देतो. त्यामुळं मुलांचे जे पैसे वाचतात, तेवढे आमचा मोठ्यातला मोठा देणगीदारही देत नाही.

३. फी सोडून उरलेलं कुणी विचारत नाही

देणगीदार विचारतो, "फी किती?" मुलाला मात्र मेसचा ॲडव्हान्स, वसतिगृहाची अनामत, ॲप्रन, डिसेक्शनची पेटी, चौरसियांच्या ॲनाटॉमीचे खंड आणि एसटीचं भाडं दिसत असतं. ही रक्कम मागायला पोरं लाजतात. आम्ही ती न मागता महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खात्यावर टाकतो.

काही वस्तू पैशाविना फिरतात. आमच्याकडं हाडांचा एक संच आहे, मुलं त्याला बोन सेट म्हणतात. तो वरच्या वर्गातल्या मुलाकडून खालच्या वर्गातल्याकडं जातो. मांडीच्या हाडावर कुणीतरी स्नायू जिथून निघतो तिथं लाल आणि जिथं चिकटतो तिथं निळी खूण केलेली आहे. पुढच्यानं पुसट झालेल्या खुणा पुन्हा गिरवल्या आहेत. नव्या मुलाचा अभ्यास त्या खुणांपासूनच सुरू होतो.

४. पहिल्या वर्षी हार, तिसऱ्या वर्षी कोण?

एमबीबीएस साडेचार वर्षांचं, वर एक वर्ष इंटर्नशिप. पेपरात फोटो आला की पहिल्या वर्षाला पाच जण पुढं येतात. तिसऱ्या वर्षी, जाडजूड पुस्तकं आणि परीक्षा फी एकदम अंगावर येते तेव्हा, तेच पाच जण फोनवर सापडत नाहीत. म्हणून साडेचार वर्षांची तजवीज झाल्याशिवाय आम्ही मुलाला शब्द देत नाही. इंटर्नशिपला विद्यावेतन असतं, तिथं आमचा हात सुटतो.

टिकाऊ मदतीचा धडा कोल्हापूरला नवा नाही. शाहू महाराजांच्या पुढाकारानं १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि मागोमाग जातीजातींची वसतिगृहं उभी राहिली. महाराजांनी त्यांना नुसती एकदाची देणगी दिली नाही. इमारती, जमिनी आणि दर सालचं उत्पन्न लावून दिलं. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये काढलेला निधी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो, म्हणजे आधीच्या विद्यार्थ्यानं फेडलेला पैसा पुढच्याला मिळतो. त्याच्या अगदी पहिल्या लाभार्थींत फ्रेनी कामा या डॉक्टर होत्या. आमचा निधी यांच्यापुढं चिमूटभर, तरी निम्मी देणगी कायम ठेवीत टाकायची शिस्त आम्ही त्यांच्याकडूनच घेतली.

५. अट कुणाच्या भल्याची आहे ते बघावं

मुंबईचं शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम १९२६ मध्ये सुरू झालं, तेव्हा देणगी देणाऱ्या विश्वस्तांची अट होती की तिथले डॉक्टर आणि प्राध्यापक भारतीयच असावेत. इंग्रजी अमदानीत त्या अटीनं भारतीय डॉक्टरांना दार उघडून दिलं. अशी अट डोक्यावर घ्यावी. दुसरीकडं, मुलीनं स्टेजवर येऊन पाया पडून चेक घ्यावा आणि व्हिडिओ व्हावा, अशीही अट आमच्यापुढं आली. तो चेक आम्ही नाकारला. मुलगी डॉक्टर झाल्यावर तिच्या पेशंटच्या मोबाईलवर तो व्हिडिओ फिरायला नको.

६. हिशेब आपल्यातल्यांतही लेखी

"आपल्या मास्तरांवर विश्वास आहे" म्हणणाऱ्यालाही पावती द्यावी. धर्मादाय आयुक्तांकडं न्यासाची नोंदणी आणि प्राप्तिकराची ८०जी मान्यता असेल तर जुन्या करप्रणालीत देणगीदाराला सवलत मिळते. रोख दोन हजारांच्या वर दिलं तर मिळत नाही. परदेशातला आपला माणूस भारतीय पासपोर्टवर असेल तर त्याची बँकेतून आलेली देणगी चालते. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो पैसा परकीय ठरतो आणि एफसीआरए नोंदणीशिवाय घेता येत नाही. हे आधीच सांगितलं की वाईटपणा येत नाही.

७. देणारा श्रीमंतच असतो असं नाही

माझ्या एका निवृत्त सहकाऱ्यानं पेन्शनीतून पैसे देणं जमत नाही म्हणून देहदानाचा फॉर्म भरला. १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याचा देहदानाला आधार आहे. पहिल्या वर्षाची मुलं ज्या देहावर शिकतात, तोही अनेकदा कुणीतरी दिलेला असतो. मदत घेणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे सांगतो.

८. गावी परतायची सक्ती करू नये

ज्याच्यावर भिस्त ठेवली तो येऊन काम करीलच, याची खात्री कधीच नसते. अमेरिकेतून १८८६ मध्ये डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींना कोल्हापूर संस्थाननं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमलं होतं. त्या रुजू व्हायच्या आतच, फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या. म्हणून संस्थाननं हात आखडता घेतला नाही. पुढं शाहू महाराजांनी कृष्णाबाई केळवकरांच्या वैद्यकीय शिक्षणाला बळ दिलं आणि त्यांनी याच हॉस्पिटलात काम केलं. तेच आजचं सीपीआर रुग्णालय. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची मुलं आज तिथं शिकतात.

सरकारी कॉलेजातून शिकलेल्याला एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे, ती टाळली तर दहा लाखांचा दंड. त्यावर आणखी आपलं बंधपत्र कशाला? आपल्याच मलकापूरला दवाखाना काढलास तर आनंदच, असं आम्ही म्हणतो आणि थांबतो. एकच गोष्ट मात्र निक्षून सांगतो : पुढच्या वर्षी याच तालुक्यातल्या अनोळखी पोराचा फोन येईल, तो उचलायचा.