बिनपंख्याचं कार्ड आणि नागपूरचा मे

बिनपंख्याचं ग्राफिक्स कार्ड लावलं की आवाजाचा प्रश्न मिटला, असं दुकानदार सांगतो आणि ते पटतंही. पंखाच नाही, तर आवाज येणार कुठून? आमच्या नागपूरच्या घरात तो शेजाऱ्यांकडून आला. त्याच कॅबिनेटमधल्या प्रोसेसरच्या आणि एसएमपीएसच्या पंख्यांकडून.

मांडणी साधीच होती. टीव्हीखालच्या प्लायवूडच्या कपाटात ऑफिसातून निघालेला एक छोटा डेस्कटॉप, त्यात ३० वॉटचं बिनपंख्याचं जीटी १०३०, आणि सिनेमे बघायला कोडी हे सॉफ्टवेअर. डिसेंबरात हे सगळं इतकं गप्प होतं की संगणक चालू आहे का, हे समोरच्या दिव्याकडे बघूनच कळायचं. मार्च सरता सरता कुरकुर सुरू झाली. मे उजाडला तसं कार्डाचं तापमान ८० अंशांच्या वर जाऊन ठाण मांडू लागलं. हीटसिंकने सोडलेल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट नव्हती. प्रोसेसरचा पंखा तीच तापलेली हवा ओढायचा, तिने काही गार होईना म्हणून आणखी जोरात फिरायचा. कार्ड मात्र स्वतः अगदी शांत!

तुम्ही म्हणाल, मे महिन्यात नागपुरात डेझर्ट कूलरच्या घरघरीपुढे संगणकाचा पंखा ऐकू येतो कुणाला? येतो. कूलर एका सुरात घरघरतो, कान त्याला थोड्या वेळात विसरतात. संगणकाचा पंखा चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, आणि नेमका पडद्यावर कुणी हलक्या आवाजात बोलत असताना चढतो. त्रास होतो तो या चढउताराचा. म्हणून पेटीवरच्या डेसिबलच्या आकड्यापेक्षा पंखा एका चालीने फिरतो का, हे मी आधी बघतो.

इलाज सुताराने केला. कपाटाची मागची फळी काढून पाहिली तेव्हा त्याने आधी मलाच झापलं, “फ्रिजलेबी मांगं जागा सोडा लागते न भाऊ, याले कायले कोंडलं?” मग त्याने मागच्या फळीत वरच्या बाजूला एक गोल भोक पाडलं आणि खालच्या बाजूला हवा आत यायला फट ठेवली. भोकावर १२० मिलिमीटरचा पंखा, कमी वेगावर कायम चालू. मोठा पंखा सावकाश फिरूनही भरपूर हवा हलवतो. छोट्याला तेवढ्याच हवेसाठी किंचाळावं लागतं. कार्ड तेच राहिलं, आवाज गेला. त्यामुळे आता कुणी ‘शांत कार्ड कुठलं घेऊ?’ विचारलं की मी उलट विचारतो, संगणक ठेवणार कुठे?

दुसरा प्रश्न, कार्ड मुळात हवंच का? इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स १० बिटचा एचईव्हीसी आणि व्हीपी९ व्हिडिओ सहज उलगडतं. अकराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरपासून एव्ही१ सुद्धा. नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल, तर मात्र अंगचं ग्राफिक्स नसतंच. जुन्या मदरबोर्डांची गोम अशी की प्रोसेसरला जमतं, पण मागचं एचडीएमआय १.४ चं असतं, आणि त्यातून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच येतं. २४ फ्रेमच्या सिनेमाला तेवढं पुरतं. क्रिकेटला नाही. शेजारी डिस्प्लेपोर्ट असेल, तर त्याला एचडीएमआय २.० चा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लावून बघा. कार्डाचा सगळा खर्च वाचू शकतो.

कार्ड घ्यायचंच ठरलं, तर त्याची ताकद विचारू नका, ते कुठले व्हिडिओ स्वतः उलगडतं ते विचारा. यातच आवाजाचं मूळ आहे. कार्डाला जे जमत नाही ते प्रोसेसरच्या गळ्यात पडतं, तो तापतो आणि पंखा ओरडतो. जीटी ७१० अजूनही ‘४के चालतं’ म्हणून पुढे केलं जातं. १९ वॉटचं, स्वस्त आणि बहुतेकदा बिनपंख्याचं. पण एचईव्हीसीचं हार्डवेअर डीकोडिंग त्यात नाही, म्हणजे आजच्या ४के सिनेमासाठी ते नुसतं तार जोडायचं भोक. जीटी १०३० एचईव्हीसी आणि व्हीपी९ नीट चालवतं, एव्ही१ नाही. त्यातही दोन जाती आहेत: जीडीडीआर५ मेमरीचं आणि डीडीआर४ मेमरीचं. पहिल्याची मेमरी सेकंदाला ४८ गीगाबाइट हलवते, दुसऱ्याची जेमतेम १७. नाव तेच, पेटीही जवळपास तशीच. मला डीडीआर४ वालं ‘एकच आहे हो’ म्हणून देऊ केलं होतं. नुसता सिनेमा चालवायला ते कदाचित पुरेल. चित्र मोठं करणं, एचडीआरचे रंग साध्या टीव्हीवर उतरवणं असली कामं दिलीत की धाप लागते.

नवं म्हणजे सगळं येणारं, असंही नाही. आरएक्स ६४०० आलं २०२२ मध्ये, ५३ वॉटचं, पण एव्ही१ त्याला उलगडता येत नाही. इंटेलच्या आर्क ए३१० आणि ए३८० ला येतं, एन्कोडिंगसुद्धा. मात्र या कार्डांना बायोसमध्ये एएसपीएम आणि रिसाइझेबल बार चालू असावे लागतात. पहिलं नसेल तर कार्ड रिकामं बसूनही वीज खातं. जुन्या ऑफिस डेस्कटॉपात हे पर्याय सापडतीलच असं नाही, म्हणून तिथे मी आर्क सुचवत नाही. आता वीज हा विषय निघालाच आहे तर, २० वॉट जादा खाणारा संगणक चोवीस तास चालू ठेवला तर वर्षाला १७५ युनिट होतात. सिनेमा संपला की स्लीपमध्ये टाका, प्रश्न संपला.

खिशाला परवडत असेल, तर माझी पसंती आरटीएक्स ३०५० ला, पण ६ जीबीवालंच. ते ७० वॉटचं, स्लॉटमधूनच वीज घेतं, एव्ही१ उलगडतं, आणि त्याला एचडीएमआय २.१ आहे. ८ जीबीचं त्याच नावाचं कार्ड १३० वॉटचं आणि त्याला वेगळी वीजजोडणी लागते. स्लॉट नियमाने ७५ वॉट देतो, पण काही छोट्या ब्रँडेड डेस्कटॉपांत मर्यादा त्याहून कमी ठेवलेली असते. आपल्या मॉडेलचं मॅन्युअल आधी बघा.

पंखेवालं कार्ड वाईट नसतं. थंड असताना पंखा पूर्ण थांबवणारी कार्डं चांगलीच, फक्त आपल्या उन्हाळ्यात त्यांचं तापमान नेमकं पंखा सुरू होण्याच्या रेषेवर रेंगाळतं आणि पंखा दर दोन मिनिटांनी चालू-बंद होतो. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये तो मंद वेगावर कायम फिरता ठेवा. काही कार्डांचा पंखा ठरावीक वेगाच्या खाली उतरतच नाही. म्हणून परत करायची मुदत संपायच्या आत एकदा रात्री, सगळं बंद करून, कान देऊन ऐका. हाच सराव कॉइलच्या बारीक शिट्टीसाठीही. ती पंख्याची नसते आणि तेलपाण्याने जात नाही.

चपट्या कॅबिनेटसाठी घेत असाल, तर कार्डाच्या पेटीत अर्ध्या उंचीची पत्र्याची पट्टी आहे ना, ते दुकानातच उघडून बघा. कार्ड बुटकं असतं, पण त्याला लावून येणारी पट्टी बहुधा पूर्ण उंचीची, आणि छोटी पट्टी नंतर सुटी मिळवणं कार्ड मिळवण्यापेक्षा अवघड जातं.