निघताना गाडी कोणाच्या हवाली करायची?

प्रश्न : अकरावीत असल्यापासून मी मोबाइलवरच्या बस चालवण्याच्या गेमसाठी एसटीचे मॉड बनवतो. लालपरी, हिरकणी, शिवशाही, सगळ्या गाड्या केल्या. आधी आम्ही पाच-सात पोरं होतो, आता गटात शेकडो जण आहेत. त्यातल्या काहींनी माझं नाव पुसून माझ्याच गाड्या पैसे घेऊन विकल्या. त्यावरून वाद झाले आणि माझं मन उडालं. शिवाय आता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सुरू केला आहे. हे सगळं सोडायचं ठरवलंय. जाताना माझ्या सगळ्या फाइली काढून टाकू का? तो माझा हक्क आहे ना? आणि एका खेळातून बाहेर पडताना इतकं जड का वाटतंय?
– एक वाचक, कारंजा (लाड), जि. वाशिम

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. त्याचं उत्तर मिळालं की फाइलींचं काय करायचं ते ठरवणं सोपं जाईल.

इतर वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. कंपनीने बनवलेल्या गेममध्ये खेळणाऱ्याने स्वतः बनवून घातलेली वस्तू म्हणजे मॉड. ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ हा मालेओ कंपनीचा गेम २०१७ मध्ये आला. त्यात बाहेरून बनवलेली गाडी आणि गाडीवरची रंगसंगती घालता येते. इंडोनेशियातही वाहतूक आपल्यासारखी डावीकडून चालते आणि चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे आपल्या पोरांनी लालपरी त्या रस्त्यांवर उतरवली, तेव्हा ती तिथे परकी दिसली नाही.

पण अशी गाडी बनवायची म्हणजे आगारात जाऊन ताटकळत उभं राहावं लागतं. खिडकीला आडव्या दांड्या किती, मागची शिडी कुठून सुरू होते, पाटी कुठे अडकवतात, दाराच्या पायरीवरची पट्टी किती झिजलेली असते, हे सगळं पाहून घ्यावं लागतं. वाशिम, रिसोड, मंगरूळपीर आणि कारंजा ही तुमच्या जिल्ह्यातली आगारं एसटीच्या अकोला विभागात येतात. वाशिमचा वाहन क्रमांक एमएच ३७ आहे, तरी या आगारांच्या कितीतरी गाड्यांवर एमएच ४० दिसतं, कारण त्या नागपूरजवळच्या हिंगण्याच्या कार्यशाळेत बांधलेल्या असतात. चिकलठाण्याच्या कार्यशाळेतली गाडी बहुधा एमएच २० घेऊन येते आणि दापोडीची एमएच १४. रोज त्याच गाडीने मूर्तिजापूरला जाणाऱ्या प्रवाशालाही हे ठाऊक नसतं. तुम्हाला ते पाठ असणार. इतकी वर्षं तुम्ही एका वस्तूकडे इतक्या बारकाईने पाहिलंत, रात्री बारा वाजता कोणाच्या तरी गाडीचं चाक जमिनीत रुतत होतं ते दुरुस्त करून दिलंत, आणि बाराखडी शिकवावी तशी नव्या पोरांना रंगाची फाइल शिकवलीत. ती पोरं तुम्हाला दादा म्हणू लागली असतील. जड वाटतंय ते या सगळ्याचं आहे. त्याला ‘नुसता गेम’ म्हणून दाबून टाकू नका. घरचे तसं म्हणाले तरी तुम्ही म्हणू नका.

आता हक्काचं. तुम्ही स्वतः आखलेल्या आणि रंगवलेल्या भागावर तुमचा हक्क आहे, यात शंका नाही. आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. त्याच्या ५७व्या कलमानुसार, निर्मात्याने आपला हक्क दुसऱ्याला देऊन टाकला तरी ‘हे मी केलं’ असं म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. तुमचं नाव पुसून गाडी विकणाऱ्यांनी चूकच केली आहे आणि तुमचा राग रास्त आहे.

मात्र एक फाइल उघडून शांतपणे पाहा. तिच्यात सगळं तुमचं आहे का? हॉर्न कोणीतरी स्टँडवर उभं राहून रेकॉर्ड करून दिला असेल. आतल्या आसनांचे फोटो रिसोडच्या मित्राने पाठवले असतील. चाकं दुसऱ्याच कोणाच्या मॉडमधून, विचारून, घेतली असतील. एसटीचं नाव आणि बोधचिन्ह महामंडळाचं आहे आणि गेम कंपनीचा. एकट्याच्या मालकीची वाटणारी गाडी अशी बऱ्याच हातांनी उभी राहिलेली असते. ती पुसली की त्या सगळ्यांचं काम पुसलं जातं, आणि त्यांनी तुमचं काही वाईट केलेलं नसतं.

हा पेच जगभर पडलेला आहे. ‘नेक्सस मॉड्स’ हे मॉडचं फार मोठं भांडार आहे. जुलै २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की यापुढे निर्मात्याला आपली फाइल नजरेआड ठेवता येईल, पण कायमची पुसता येणार नाही. कारण साधं होतं. एका फाइलवर दुसऱ्या शंभर गोष्टी उभ्या असतात आणि मधली वीट निघाली की सगळं कोसळतं. ज्यांना हे मान्य नव्हतं त्यांना फाइली काढून घ्यायला महिनाभराची मुदत दिली गेली, आणि काही जुने, नावाजलेले निर्माते खरोखरच सगळं उचलून निघून गेले. मला दोन्ही बाजू कळतात. ज्याने घाम गाळला त्याच्या हातून शेवटचा निर्णय काढून घेणं मला पटत नाही. पण तो निर्णय त्याच्या हातात असेल, तर त्याने पुसू नये असंच मी त्याला सांगेन. तुम्हालाही तेच सांगतो.

का, ते तुमच्या गावातल्याच उदाहरणावरून बोलतो. कारंज्यावरून मूर्तिजापूर–यवतमाळ ही ‘शकुंतला’ची अरुंद रूळमार्गाची गाडी जायची. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल इंजिन आलं, आणि आता ती गाडीच बंद आहे. तिची आठवण सांगणारी माणसं वऱ्हाडात घरोघरी भेटतात. पण डब्यात बाक कसे होते, दाराची कडी कशी होती, हे मापासकट कोणाकडे असेल? मायक्रोसॉफ्टचा ‘ट्रेन सिम्युलेटर’ २००१ मध्ये आला, तेव्हा आपल्याकडच्या हौशी पोरांनी त्यासाठी भारतीय रेल्वेची इंजिनं आणि डबे बनवले. कंपनीने पुढे तो गेम वाऱ्यावर सोडला. पण जगभरच्या हौशी माणसांनी ‘ओपन रेल्स’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर उभं केलं आणि ते त्या जुन्या फाइली वाचू शकतं. म्हणून वीस वर्षांपूर्वी कोणीतरी आखलेलं भारतीय इंजिन आजही पडद्यावर धावतं. त्यातले कितीतरी निर्माते कधीच नोकरी-संसाराला लागले. त्यांनी जाताना फाइली पुसल्या असत्या, तर हे झालं नसतं. लालपरीच्या जुन्या बांधणीच्या गाड्याही एकेक करून भंगारात निघत आहेत. तुमची फाइल ही उद्या त्या गाडीची नोंद असेल.

म्हणून निघा जरूर, पण गाडी कोणाच्या तरी ताब्यात देऊन निघा. आणि देताना मूळ फाइल द्या, कारण खेळणाऱ्याला जी तयार फाइल मिळते ती उघडून दुरुस्त करणं फार अवघड असतं. उद्या गेमची नवी आवृत्ती आली आणि गाडीचे दिवे लागेनासे झाले, तर तुमच्यामागे राहिलेल्या पोराला ब्लेंडर या सॉफ्टवेअरमधली मूळ आकृती, रंगाची मूळ चित्रं आणि हॉर्नचा मूळ आवाज लागेल. हे नसेल तर ती पोरं परीक्षेच्या आदल्या रात्रीही तुम्हालाच फोन करतील.

वारस निवडताना सगळ्यात हुशार पोरगा शोधू नका. जो दुसऱ्याचं नाव लिहायला विसरत नाही तो शोधा. ‘डोटा’ या प्रसिद्ध खेळाची गोष्ट अशीच आहे. ‘वॉरक्राफ्ट थ्री’ या गेमवर यूल असं टोपणनाव घेतलेल्या एकाने तो मॉड म्हणून सुरू केला आणि तो बाजूला झाला. मग गिन्सू नावाने काम करणाऱ्याने त्याची एक आवृत्ती वाढवली, आणि २००५ मध्ये सूत्रं आइसफ्रॉगकडे गेली. २०१३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीचा ‘डोटा २’ आला तो याच वाटेने. पहिल्या माणसाने निघताना दार लावून घेतलं असतं, तर गोष्ट तिथेच संपली असती.

आता विक्री करणाऱ्यांचं. त्यांच्याशी भांडत बसण्यापेक्षा मूळ फाइल तुमच्या नावासकट फुकट मिळू द्या. नाव असलेली चांगली गाडी फुकट मिळत असताना नाव पुसलेली गाडी पैसे देऊन कोण घेईल? चोर उरतील, त्यांचं गिऱ्हाईक मात्र कमी होईल.

परवानगी लिहून ठेवा. तोंडी ‘घ्या रे वापरा’ म्हटलं की सहा महिन्यांत त्याचे सहा अर्थ निघतात. तुमच्या जिल्ह्याला तर याचा फार जुना दाखला आहे. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. तिथे १९३९ मध्ये वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. त्याने एक गाव दान दिलं होतं, आणि कोणी, कोणाला, काय दिलं ते तांब्यावर कोरून ठेवलं होतं. दीड हजार वर्षांहून अधिक काळ गेला तरी ते दान वाचता येतं. तुम्हाला चार ओळी पुरतील : ‘ही गाडी मी बनवली. हॉर्न आणि फोटो अमुक जणांचे. कोणीही बदलावी, सुधारावी, वाटावी. नाव ठेवावं, विकू नये.’ ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चा विनाव्यापार परवाना जवळपास हेच सांगतो, तो जोडला तर उत्तम. कॉपीराइट कायद्याच्या २१व्या कलमाप्रमाणे जाहीर सूचना देऊन सगळा हक्क सोडूनही देता येतो, पण मग विक्रीवरची अटही सुटते. तुम्ही तसं करू नये असं मला वाटतं. दुसऱ्याकडून घेतलेल्या भागांची परवानगी मात्र त्यांनाच विचारा, ती तुम्ही देऊ शकत नाही.

निरोपाचा मजकूर लहान ठेवा. कोणी काय केलं त्याची यादी देऊ नका. ती वाचून नवी पोरं घाबरतील आणि ज्यांनी केलं त्यांना काही वाटणार नाही. गटाचे तुम्ही एकटेच ॲडमिन असाल तर आधी दुसऱ्या विश्वासू माणसाला ॲडमिन करा. व्हॉट्सॲपवर एकटा ॲडमिन निघून गेला की ते पद आपोआप कोणाकडे तरी जातं, आणि ते कोणाकडे जाईल ते आपल्या हातात राहत नाही. अभ्यासाचं कारण लिहायला संकोच कसला? कारंज्यातल्या दर तिसऱ्या घरात ते कारण समजेल.

परत यावंसं वाटलं तर यायचं. निरोप घेतला म्हणून दार बंद होत नाही. पण वर्षभर तरी गटात डोकावू नका. तुमच्या वारसाला तुमच्या सावलीत काम करावं लागू नये.

आज रात्री एकच काम करा. कारंजा आगाराच्या गाडीची मूळ फाइल उघडा आणि सोबतच्या मजकुरात लिहा की ही गाडी कोणत्या वर्षी, कोणत्या स्टँडवर, कोणत्या मार्गाच्या पाटीसह उभी असताना पाहून बनवली. पाटीवर लिहिलेली सगळी गावं त्याच क्रमाने लिहा.