तिसरीच्या वर्गाला निघालेल्या भाचीस

पोरी, सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत तिसरीचा वर्ग मिळाला म्हणे तुला. मी याच शहरात बत्तीस वर्षं खडू झिजवला, चुका सगळ्या करून झाल्या. तुझ्यासाठी नव्या काही उरल्यात का बघ.

1. पहिल्या दिवशी पिशवीतून एक कांदा ने. कुणी कांदा म्हणेल, कुणी उल्लिगड्डा, कुणी उळ्ळागड्डी, कुणी प्याज; सगळे फळ्यावर लिही, एकही खोडू नकोस — घरच्या शब्दाला हसलं की पोर ओठ शिवून बसतं. मी एकीला "असं नाही म्हणायचं" म्हटलं होतं; सहामाहीपर्यंत ती बोलली नाही.

2. समानार्थी शब्द दहा-दहा वेळा लिहायला लावू नकोस — लक्षात राहतो तो फक्त दुखरा अंगठा.

3. डब्यात शेंगाचटणी निघाली की विचार, आजी कशी करते? कुटते, वाटते, भरडते की दळते? — मिक्सरनं चारही एका बटणात कोंबलीत, पण पोरांच्या जिभेला फरक अजून कळतो.

4. कुणाचे ना कुणाचे आजोबा मागावर असणारच. ताणा, बाणा, धोटा, कांडी त्या पोरांकडून शीक. तेलुगूत ताण्याला पडुगु नि बाण्याला पेक म्हणतात, हेही त्यांनाच सांगू दे, तुला ठाऊक असलं तरी — बाईंना शिकवायला मिळालं की पोर रात्री आजोबांना आणखी दोन शब्द विचारून येतं.

5. थंडीत हुरडा, आगटी, कडबा. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा, नंदीध्वज. आधी बघू दे, खाऊ दे, मग लिहू दे.

6. रोज एकच नवा शब्द, फळ्याच्या कोपऱ्यात — ओंजळ घरी पोचते, घागर वाटेत सांडते.

7. अडलीस तर खुशाल "मला माहीत नाही" म्हण नि पोरांसमोर कोश उघड — मोल्सवर्थसाहेबानं 1831 साली मराठीचा कोश छापला, तरी 1857 साली वाढवून पुन्हा काढावा लागला. तू तर कालची पोर.

8. कोश कपाटात नको, खिडकीत ठेव. पानं फाटतील, डिंकानं चिकटव — शाळेतले साहेब रागावले तर माझं नाव सांग.

आणि पोरांनी दिलेले शब्द एका वहीत टिपत जा. दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊन ये. मला उल्लिगड्डा अजून नीट म्हणता येत नाही.