शिधापत्रिकेवरील धान्य आणि ताटातील पोषण

भूमिहीन शेतमजूर, विधवा, वृद्ध आणि अल्पभूधारक कुटुंबांसाठी रास्त भाव दुकानातील धान्य हा मोठा आधार आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ मुळे हे धान्य केवळ मदत न राहता कायदेशीर हक्क ठरले. ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्क्यांपर्यंत व्यक्तींना या अधिनियमाचे संरक्षण देता येते. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास एकूण ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत दिले जाते.

हे धान्य किती पुरते?

दरमहा ५ किलो म्हणजे माणशी दररोज सुमारे १६५ ग्रॅम. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २००० किलोकॅलरींच्या संतुलित आहारात २५० ग्रॅम तृणधान्ये व ८५ ग्रॅम डाळी असाव्यात. म्हणजे तृणधान्याची सुमारे दोन तृतीयांश गरज भागते. डाळींचा मात्र या हक्कात समावेशच नाही. अंत्योदय कुटुंबात आठ व्यक्ती असल्यास माणशी वाटा ५ किलोपेक्षाही कमी होतो. सर्वांत गरजू कुटुंबाचीच अशी ओढाताण होते.

राज्यांचे अनुभव

छत्तीसगडने २०१२ च्या स्वतःच्या कायद्यात आदिवासी भागासाठी सवलतीच्या दरातील हरभऱ्याची तरतूद केली. कर्नाटकात शिधापत्रिकेवर नाचणी व ज्वारी दिली जाते. ओडिशाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या भरडधान्य अभियानातून नाचणीची आधारभूत किमतीने खरेदी करून ती वितरण व्यवस्थेत आणली. त्यामुळे कोरडवाहू शेतकऱ्यास बाजारपेठ आणि गरीब कुटुंबास पौष्टिक धान्य, असा दुहेरी लाभ साधतो.

कृषी विस्तार कार्यकर्त्यांनी काय करावे?

• नवजात बालके व नव्या सुना यांची नावे शिधापत्रिकेत समाविष्ट झाली आहेत का, ते पाहावे. प्राधान्य कुटुंबात एक नाव राहिले तर वर्षाला ६० किलो धान्य बुडते.
• स्थलांतरित मजुरांना ‘एक देश, एक शिधापत्रिका’ सुविधेची माहिती द्यावी.
• धान्य न मिळाल्यास अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद आहे व जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, हे समजावून सांगावे.
• बांधावर तूर, परसबागेत शेवगा, राजगिरा व भोपळा लावण्यास प्रोत्साहन द्यावे. भूमिहीन कुटुंबांनाही अंगणातील एखादे शेवग्याचे झाड उपयोगी पडते.

शासकीय धान्याने भूक शमते. पोषणाची उर्वरित बाजू स्थानिक शेतीने सांभाळली, तरच अन्नसुरक्षा पूर्ण होईल.